जिकडे नजर, तिकडे चाक

चष्म्याच्या दुकानात माणसे सहसा दबकत येतात. डोळ्यांनी दगा दिलेला असतो, हातात मोडकी फ्रेम असते आणि पायरी नेमकी कुठे संपते याचा भरवसा नसतो. ती मात्र त्या सकाळी अशी आत आली, की दारानेच अदबीने बाजूला व्हावे. बुटांना लाल माती, बाहीवर काट्याचा ताजा ओरखडा, केसांत अडकलेले एक वाळके पान... आणि हातात दोन तुकडे झालेला गॉगल.

"हा जोडून मिळेल?"

काउंटरमागे बसलेल्या तरुणाने मान वर केली आणि तितक्याच घाईने खाली घातली. दिवसभर माणसांच्या डोळ्यांत पाहणे हा त्याचा व्यवसाय होता. पण त्या पाहण्याच्या मधे एक भिंग असे, 'वर बघा, आता खाली बघा' अशी ठरलेली वाक्ये असत. भिंगावाचून कुणाकडे पाहायची वेळ आली, की त्याची नजर टेबलावरच्या बारीक स्क्रूंमध्ये जाऊन लपे. दुकान मोठ्या भावाचे होते. भाऊ बाहेरची कामे पाही, वहिनी गिऱ्हाइके पाही आणि हा काचा पाही. इतकी वर्षे ही वाटणी कुणालाच खटकली नव्हती. त्यालाही नाही.

"काडी बिजागरीतून निखळलीय," तो गॉगलला उद्देशून म्हणाला. "फांदी लागली का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पान..." त्याने स्वतःच्याच केसांना हात लावून दाखवले.

तिने केस चाचपले, पान काढले, निरखून पाहिले आणि खिशात ठेवून दिले. "असू दे. आज सकाळपासून तेवढीच कमाई आहे."

वहिनी गल्ल्याजवळ काचा पुसत होती. कुणाचे गाऱ्हाणे ऐकायला मिळणार असेल, तर काच दोनदा पुसायची तिची तयारी असे. "का गं? काय झालं?"

आणि मग स्क्रू बसेपर्यंत सगळी हकिगत बाहेर आली. शहराबाहेर जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे तिच्या मामांची गाडी शिकवण्याची शाळा होती. पलीकडे झुडपांचे रान होते आणि त्या रानातून एक वळणावळणाची कच्ची वाट जात होती – थोडी वाळू, गुडघ्याखालचा एक ओढा, काही मुळे आणि शेवटी एक चढ. नवशिक्यांसाठीच राखलेली वाट. मामा तिला 'बाळवाट' म्हणत. या वाटेवर शिकवायचे, तर मामांचा एक दंडक होता : नव्या शिक्षकाच्या पहिल्या विद्यार्थ्याने गाडी एकट्याने पार न्यायची. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ओढून काढायला दोर लावायचा नाही. जमले तर शिक्षक पक्का. दोर लागला, तर शिक्षकाची रवानगी परत मैदानात, दोन खांबांच्या मधे गाडी लावायला शिकवायला.

"अन् माझ्या हाताखाली विद्यार्थीच येत नाही," ती म्हणाली. "येतात, मला बघतात, मग विचारतात – 'सर कधी येणार?' रविवारपर्यंत कुणी मिळालं नाही, तर मी चालले मैदानात."

स्क्रू जागेवर बसला होता. तरी तो तसाच फिरवत राहिला.

"मी... येईन."

वहिनीच्या हातातले फडके खाली पडले. "तुम्ही? भाऊजी, रस्त्यात गतिरोधक आला तर गाडीतून उतरून आधी त्याची परवानगी घेता तुम्ही!"

ती मात्र हसली नाही. काउंटरवर दोन्ही तळवे टेकून तिने त्याच्याकडे पाहिले. एखाद्या चढाकडे, चढण्याआधी पाहावे तसे.

"मी रागीट आहे, आधीच सांगते."

"मी घाबरट आहे," तो म्हणाला.

"मग जमेल."

*

रानातली सकाळ त्याच्या ओळखीची नव्हती. दुकानात सकाळ झाल्याचे शटरच्या आवाजाने कळे. इथे ती ओल्या पाल्याच्या वासाने कळत होती. उंच चाकांची एक जुनी, हिरवट गाडी वाटेच्या तोंडाशी उभी होती. तिने त्याच्या हातात हवा मोजायचे यंत्र दिले आणि टायरपाशी उकिडवे बसायला लावले.

"अर्धीअधिक हवा सोडा."

"सोडू?" आयुष्यभर त्याने टायरमध्ये हवा भरून घेतली होती.

"ताठ टायर मातीवरून घसरतो. हवा कमी केली की तो पसरतो, जमिनीला धरून चालतो."

'शूऽऽ' असा सुस्कारा टाकत टायर बसू लागला. बारीक कामाची सवय असलेली त्याची बोटे वाल्ववर अलगद टेकली होती. "म्हणजे... थोडं नमतं घ्यायचं," तो म्हणाला.

"टायरनं," ती म्हणाली. "मी नाही घेत."

पहिल्या रविवारी त्याने वाटेतला प्रत्येक दगड चुकवायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक दगडावर चाक घातले. कारण उघड होते. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर काम करणारा हा माणूस बॉनेटच्या टोकापलीकडे पाहतच नव्हता. दगड दिसला की त्याची नजर त्याला चिकटे आणि नजरेमागोमाग गाडी जाई. "आमचे मामा म्हणतात, जिकडे नजर तिकडे चाक," ती शेजारच्या सीटवरून सांगे. "दगडाकडे बघू नका. दगडाच्या बाजूची जी रिकामी जागा आहे ना, तिच्याकडे बघा. लांब बघा."

"लांबचं... मला नीट सुचत नाही."

"चष्मेवाल्यानं असं बोलावं?"

वाळूच्या पट्ट्यात गाडी रुतली. त्याने गॅस दिला तशी चाके जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली. त्याने इंजिन बंद केले, दार उघडले आणि सवयीने तिला जागा करून देण्यासाठी उतरू लागला.

"कुठे निघालात?"

"तुम्ही... काढाल ना?"

ती उतरली. गाडीपासून दूर जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली. "काढा."

एवढेच. वारा झुडपांतून जात होता. तो स्टिअरिंग धरून बसून राहिला... मग तिने सकाळी सांगितलेले एकेक आठवू लागला. चाके सरळ. मागचा गिअर. गॅस अगदी हलका. आपल्याच उमटलेल्या चाकोरीवरून मागे. गाडी एकदा हिसकली, कुरकुरली आणि मग एखाद्या जडावलेल्या जनावरासारखी वाळूतून उठली. त्याने गाडी थांबवली आणि आरशात पाहिले, तर त्याचे तोंड फुलले होते. त्या भावनेला काय म्हणतात, हे त्याला लगेच आठवेना. पुष्कळ वर्षे तिच्याशी गाठ पडली नव्हती.

"तोंड एवढं फुलवू नका," ती आत बसत म्हणाली. "वाळूच होती, समुद्र नव्हता." पण तिचेही तोंड फुललेले होते.

ओढ्यापाशी तिने त्याला बूट काढायला लावले. गाडी पाण्यात घालण्याआधी पाणी चालून पाहायचे, हा तिथला नियम. गढूळ पाण्याचा तळ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. ते दोघे पँटी दुमडून, हातात काठी घेऊन थंड पाण्यातून निघाले. मध्यावर एक गुळगुळीत दगड पायाखाली आला, त्याचा तोल गेला आणि तिने हात पुढे केला. किती साधा हात होता – ग्रीसचा वास, अंगठ्याला घट्टा. पलीकडचा काठ आल्यावर तो सोडायला हवा, हे दोघांनाही थोडे उशिराच लक्षात आले.

"इथे खोल नाही," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "वाटलं मात्र..."

वाक्य त्याने ओढ्यातच सोडून दिले.

*

खरी अडचण शेवटच्या चढावर होती. त्याला सगळे 'कुबड' म्हणत. चढ फार उंच नव्हता. पण गाडीचे नाक वर झाले की काचेतून फक्त आभाळ दिसे आणि डाव्या अंगाला पावसाच्या पाण्याने खणलेली एक खोल ओघळ होती. म्हणून तिथे कुणीतरी खाली उतरून, हातांच्या खुणांनी चालवणाऱ्याला दिशा दाखवावी लागे. अशा माणसाला मामा 'वाटाड्या' म्हणत आणि त्याची जागाही त्यांनी ठरवून दिली होती : पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूला, चार हात लांब.

ती तिथे उभी राहिली. दोन्ही हात वर केले. तळवे पुढे-मागे हलवत त्याला बोलावले.

गाडी निघाली... आणि अत्यंत सभ्यपणे, सावकाश, सरळ तिच्याच दिशेने आली.

"अहो! अहोऽ! थांबा!" ती उडी मारून झुडपात गेली. ओघळीच्या काठावर चाक थांबले. झुडपातून डोके बाहेर आले. "मी वाट दाखवतेय! मी वाट नाहीये!"

"सॉरी... सॉरी."

"हातांकडे बघा ना!"

"हातांकडेच बघत होतो."

"खोटं."

तो स्टिअरिंगकडे पाहत म्हणाला, "म्हणजे सुरुवात हातांपासूनच केली होती..."

तिने केसांतले काटे काढण्याचे निमित्त करून पाठ फिरवली. कानाच्या पाळ्या मात्र पाठ फिरवल्यावरही दिसतात. त्या लाल झाल्या होत्या.

पुढच्या रविवारी तेच झाले. त्याच्या पुढच्या रविवारीही. वाळू आता तो हसत पार करी, ओढ्यात गाडी अशी घाली की पाणी दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरे. मुळांवरून चाके एकेक करून, म्हातारीने पायऱ्या उतराव्यात तशी उतरवी. पण कुबड आले, ती डाव्या बाजूला उभी राहिली, की गाडी डावीकडे ओढली जाई. ती ओरडून ओरडून हात हलवी. तो मान डोलावी. आणि चाक ओघळीच्या काठाशी जाऊन थबके. एकदाही कुबड नीट चढले नाही.

"काय होतं तुम्हाला तिथे?" ती वैतागून विचारी.

काय होते, हे तो कुणाला सांगणार? दुकानात तो बुटांवरची माती तशीच ठेवून बसू लागला होता. गिऱ्हाइकाने विचारले, तर "रानात गेलो होतो," असे जरा मोठ्याने सांगे. भाऊ जड पेटी उचलायला आला, तर त्याने प्रथमच म्हटले होते, "राहू दे दादा, मी घेतो." आणि तरी संध्याकाळी शटर ओढताना मनात एक बारीक कळ उठे. परीक्षा पास झाली की रविवार संपणार. नापास झाली, तर ती मैदानात जाणार – दोन खांबांच्या मधे, मान खाली घालून. मान खाली घातलेली ती... हे चित्र त्याला सहन होत नसे. रविवार गेले तरी चालतील, असे तो स्वतःला बजावी. आणि मग बराच वेळ कुलूप हातात धरून उभा राही.

*

परीक्षेचा दिवस ठरल्याचे सांगायला ती दुकानात आली. तो आत काच घाशीत होता. वहिनीने तिला स्टूल दिले, चहा दिला आणि कौतुकाच्या भरात नको ते सांगून टाकले.

"काय जादू केलीस गं पोरी! गाडीचं नाव काढलं तरी घाम फुटायचा आमच्या भाऊजींना. तुला कुणी विद्यार्थी मिळेना म्हटल्यावर बिचारे विरघळले. मनानं फार हळवे हो!"

चहाचा कप बशीवर टेकला. "म्हणजे... त्यांना शिकायचं नव्हतंच?"

"छे गं! तुझ्यासाठीच—"

तो बाहेर आला, तेव्हा स्टूल रिकामे होते आणि वहिनी आपल्या तोंडावर हात ठेवून उभी होती. "भाऊजी, माझी जीभ हो... पळा!"

तो पळाला. हातात स्क्रूड्रायव्हर, गळ्यात काच पुसायचे फडके. भर बाजारात, फळांच्या गाड्यांमधून, माणसांना "सॉरी, सॉरी" म्हणत. चौकात त्याने तिला गाठले.

"थांबा... ऐका."

ती वळली. "मला उपकाराचा विद्यार्थी नको. पास झालात तरी नको. लोक म्हणतील ते म्हणतील, मी मैदानात जाईन, पण कुणाच्या दयेवर पक्की होणार नाही."

त्याला धाप लागली होती. इतकी, की लाजायला श्वास उरला नव्हता.

"पहिल्या रविवारी तुमच्यासाठी आलो. खरं आहे," तो म्हणाला. "पण वाळूत गाडी रुतली, तेव्हा तुम्ही बाहेर जाऊन उभ्या राहिलात. 'काढा' म्हणालात. आजपर्यंत... मी कुठेही अडलो ना, की सगळे म्हणतात, 'राहू दे, तुला नाही जमायचं, आण इकडे.' प्रेमानंच म्हणतात. माझ्या हातातलं काम काढून घेतलं नाही, असं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. दुसऱ्या रविवारपासून मी माझ्यासाठी येतोय. ते कुबड मला चढायचंय. तुम्ही पक्क्या व्हा किंवा नका होऊ."

एवढे सलग बोलल्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. मागे कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होते. ते दोघे रस्त्याच्या मधोमध उभे होते.

तिने त्याच्याकडे पाहिले. मग त्याच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे.

"रविवारी टायरची हवा मी बघणार नाही," ती म्हणाली. "तुमची तुम्ही बघायची. आणि वेळेवर या. मामांना उशीर खपत नाही."

*

मामा अंगाने चिमुकले होते आणि आवाजाने ट्रकएवढे. ते शेजारच्या सीटवर बसले आणि दोराची जाडजूड गुंडाळी त्यांनी मागच्या सीटवर अशी ठेवली, की आरशात तीच दिसावी.

"घाबरू नको रे," ते गरजले. "दोर काही चावत नाही."

आदल्या दिवशी पावसाची सर येऊन गेली होती. माती गडद झाली होती, मुळे चकाकत होती. ती मागच्या गाडीतून येत होती; कुबडापर्यंत तिला बोलायचीही मुभा नव्हती. वाळू पार झाली. ओढ्यापाशी तो स्वतःच उतरला, बूट काढले, पाणी चालून आला – या वेळी एकटाच – आणि मग गाडी घातली. मुळांचा टप्पा संपल्यावर मामांनी खिशातून शेंगदाणे काढून त्याच्यापुढे धरले. हा मान प्रत्येकाला मिळत नसे.

मग कुबड आले.

ती उतरून पुढे आली. डाव्या चाकाच्या बाजूला, चार हात लांब, मामांनी ठरवलेल्या जागी उभी राहिली. हात वर केले. तिचा चेहरा शांत होता. पण बोटे एकमेकींना घट्ट चिकटलेली होती. त्याने लो गिअर टाकला. गाडीने नाक वर केले, काचेत आभाळ भरले आणि आभाळाच्या कडेला ती... त्याने निश्चयाने हातांकडे पाहिले. हातांकडे, मनगटांकडे, मग— चाक ओल्या मातीवरून डावीकडे सरकले. ओघळीच्या कडेची माती ढासळल्याचा आवाज आला.

त्याने ब्रेक दाबला.

"झालं," मामांनी सुस्कारा सोडला आणि हात मागे नेला. "काढू का दोर?"

"नको." आवाज त्याचाच होता. "मागे घेतो."

चाके सरळ, मागचा गिअर, क्लचला पाय नाही. गाडी होती त्याच रेषेत, इंच इंच खाली आली. मामांनी हात पुढे घेतला. "उतरलास झकास. पण मला गाडी चढलेली हवीय. एकदाच संधी देतो अजून. मग दोर."

बाहेर ती उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, ओघळीकडे पाहिले, आपल्या पायाखालच्या मातीकडे पाहिले. चाकाचे वळ अगदी स्वच्छ उमटले होते – सरळ वर जाऊन, मग हळुवारपणे तिच्याकडे झुकलेले. किती रविवार ती हीच रेघ पाहत होती आणि तिला चूक म्हणत होती.

ती वळली आणि भराभर चढ चढून गेली. माथ्यापलीकडे सपाट जागा होती. तिच्या पार शेवटी, वाटेच्या बरोबर रेषेत, एक उंच खडक होता. ती त्या खडकावर जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

मामांनी खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले. "अगं पोरीऽ! तिथे कुठे गेलीस? वाटाड्याची जागा खाली आहे!"

"मामा, मी इथेच उभी राहणार!"

"का? कारण सांग! कारणाशिवाय गाडी हलणार नाही!"

मधे पूर्ण चढ होता. हळू बोलून भागण्यासारखे नव्हते. तिचे हात क्षणभर खाली आले. ती या टोकाला, ते दोघे त्या टोकाला आणि मधे सगळे रान कान देऊन... तिने श्वास घेतला. हनुवटी वर केली.

"कारण हे हातांकडे बघतच नाहीत! माझ्याकडे बघतात! मी जिथे उभी राहते, तिथे गाडी येते! म्हणून गाडी जिथे यायला हवी, तिथे मी उभी राहिलेय!"

झुडपातून पाखरांचा एक थवा उडाला. मागे इंजिनाची धडधड तेवढी उरली.

मामा सावकाश आत आले. सावकाश त्याच्याकडे वळले. "खरं का रे?"

"...हो."

"कधीपासून?"

"गॉगल दुरुस्त केला तेव्हापासून."

मामांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि तो पूर्ण चावून होईपर्यंत विचार केला. "मग बघ बाबा," ते म्हणाले. "पोटभर बघ. पण गॅस सोडू नकोस."

त्याने पाहिले. भिंग नव्हते, यंत्र नव्हते. ठरलेली वाक्ये नव्हती. गाडी निघाली, नाक वर झाले, माती गेली, मुळे गेली, ओघळ गेली. बॉनेटच्या वर आभाळ आणि त्या आभाळात उंच धरलेले दोन हात, त्यांच्या मधे एक चेहरा. लांबचे आपल्याला सुचत नाही, असे म्हणणाऱ्या त्याने आयुष्यात इतक्या लांब आणि इतके स्पष्ट कधी पाहिले नव्हते. चाके एकदा फिरली, पुन्हा मातीला धरून राहिली. त्याचा पाय हलला नाही. मग एकाएकी नाक खाली आले, जमीन परत आली आणि गाडी कुबडाच्या माथ्यावर, वाटेच्या बरोबर मधोमध उभी राहिली.

खडकावर ती हात वर धरूनच उभी होती. खाली घ्यायचे विसरली होती.

मामा उतरले. त्यांनी चारही चाके पाहिली, चढावरची रेघ पाहिली. सुतळीने आखावी तशी सरळ होती. मग ते खडकाशी गेले आणि आवाज शक्य तितका लहान करून म्हणाले – म्हणजे ओढ्यापर्यंतच ऐकू गेला असेल – "इतकी वर्षं मी सगळ्यांना एकाच जागी उभं राहायला शिकवलं. विद्यार्थी बघून जागा बदलायचं मला सुचलं नाही. तुला सुचलं. वाट आजपासून तुझी." मग ते एकदम ओरडले, "आणि कुणी 'सर कधी येणार' म्हणून विचारलं, तर माझ्याकडे पाठव त्याला! सांगतो!"

ती खडकावरून उतरली आणि मामांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मधेच धरले, केसांवरून हात फिरवला. मग दोराची गुंडाळी खांद्यावर टाकून ते मागच्या गाडीकडे चालू लागले. "मी जातो पुढे. या तुम्ही. सावकाश या."

*

माथ्यावर वारा होता. खाली सगळे रान पसरले होते. त्यातून बाळवाट कधी दिसत, कधी लपत होती. इथून ती खरोखरच बाळासारखी दिसत होती. तो गाडीला टेकून उभा होता. त्याला अभिमान वाटत होता, स्वतःचा थोडा, तिचा फार. आणि त्या अभिमानाच्या तळाशी ती ओळखीची बारीक कळ होती. पुढच्या रविवारी या सीटवर दुसरे कुणी बसणार.

"तुम्ही ते सगळ्यांसमोर बोललात," तो म्हणाला.

"सगळ्यांसमोर कुठे? मामा आणि चार पाखरं."

"मी किती दिवस ते बोलायचा सराव करत होतो. आरशासमोर. वहिनीनं एकदा पकडलंही."

"मग बोला की."

"आता तुम्ही तर सगळं..."

"मी गाडी कुठे येते ते सांगितलं," ती म्हणाली. "ती का येते, ते मी कशाला सांगू? चालवणारे तुम्ही." आणि हाताची घडी घालून ती वाट पाहत उभी राहिली.

त्याने मान वर केली. या वेळी खाली घातली नाही.

"मला तुम्ही आवडता. म्हणजे... शिक्षिका म्हणून आवडताच, पण मी विद्यार्थी नसलो तरी... रविवार नसला तरी... सोमवारी तर जास्तच." तो थांबला, पुन्हा निघाला. "तुम्ही खडकावर उभ्या होतात ना, तेव्हा मला वाटलं, हिच्यापर्यंत पोचायचंय. कुबड वगैरे मी विसरूनच गेलो होतो."

डोळ्यांत आलेले पाणी वाऱ्यावर ढकलून तिने बाहीने पुसले.

"अडखळलात," ती म्हणाली. "पण मधेच बंद नाही पडलात. चालेल."

"चालेल म्हणजे...?"

"म्हणजे सोमवारी दुकान किती वाजता बंद होतं?"

त्याला हसू फुटले. मोठ्याने, मोकळे. रानालाही ते हसू नवे होते.

उतरायची वाट पलीकडून होती. ती शेजारच्या सीटवर बसली; प्रथमच, पुढच्या दांडीला हात न धरता. त्याने गाडी सुरू केली आणि तिच्याकडे पाहिले.

"समोर," ती म्हणाली. "समोर बघा. आता मी शेजारी आहे. इकडे बघाल, तर थेट झुडपात जाऊ."

"मग तुमच्याकडे कधी बघायचं?"

"गाडी थांबल्यावर."

त्याने शहाण्यासारखी मान डोलावली. लो गिअर टाकला, नजर लांब ठेवली आणि ब्रेकला पायही न लावता तो उतार एकाच संथ लयीत उतरला. खाली वाट सपाट झाली, सावली आली, पुढे रस्ता मोकळा होता.

तिथे त्याने गाडी थांबवली.